सोनेरी बाणांची पत्रिका

वडखळपासून रोह्यापर्यंत ज्याच्या हातून आजवर एकही शब्द कायमचा पुसला गेलेला नाही असा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. आपण लिहितो, खोडतो आणि विसरतो. साडूभाऊ लिहितात, खोडतात आणि काय खोडलं, कधी खोडलं, का खोडलं हे जपून ठेवतात. ही विद्या त्यांनी रोह्याच्या कंपनीत संगणकावर काम करताना उचलली. मजकूर लिहायचा त्यांचा एक काळ्या पडद्याचा एडिटर आहे. तो म्हणे आपल्याला हवा तसा वळवून घेता येतो. साडूभाऊ गेली वीस वर्षं तो वळवताहेत. त्याला माउस लागत नाही. घरातला माउस त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, शिवणाच्या डब्यात पडून आहे. सगळा कारभार दोन-दोन, तीन-तीन कळा एकदम दाबून चालतो. त्यापायी एकदा डाव्या हाताची करंगळी सुजली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दारात सापडली का?" साडूभाऊ म्हणाले, "नाय, लिहून." डॉक्टरांनी आधी करंगळी पाहिली, मग त्यांचा रक्तदाब मोजला.

या एडिटरच्या पोटातच त्यांचं बदलांचं दफ्तर आहे. प्रत्येक बदल तिथे जमा करायचा आणि सोबत एक ओळ लिहायची, की हे का केलं. वाटेल ती जुनी प्रत दोन कळांत परत येते. कंपनीच्या कामापुरतं हे ठीक, पण साडूभाऊ वाणसामानाची यादीही तशीच ठेवतात. त्यातली एक ओळ मी स्वतः वाचली आहे: 'साखर काढली. डॉक्टरांनी सांगितलं. पटलेलं नाही.' सोसायटीत पाणी येणार नाही अशी नोटीस लिहायला त्यांना सांगितलं, तर तिच्या अकरा प्रती झाल्या आणि अकरावी फळ्यावर लागली तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. गंमत अशी, की तोंडाने शब्द न काढणारा हा माणूस त्या एका ओळीत मात्र मन मोकळं करतो. मी एकदा विचारलं, इतके कमी का बोलता? म्हणाले, "लिहिलेलं मागं नेता येतं. बोललेलं नाय."

हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. चार वर्षांपूर्वी गागोद्याला, गावच्या घरी आईच्या वर्षश्राद्धाला, शेताच्या कुठल्याशा कागदावरून ते चारचौघांत थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, तुला यातलं काय कळतं?" दादा भात आणि वाल पिकवणारे, मानी गृहस्थ. ते पानावरून उठले आणि म्हणाले, "तुझा उंबरा चढणार नाय." आणि चढले नाहीत. साडूभाऊही गागोद्याकडे फिरकले नाहीत.

मग साडूभाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात पत्रिकेवर घरातल्या थोरल्याचं नाव पहिलं. ताई म्हणाली, "जो आपला उंबरा चढत नाय, त्याचं नाव पहिलं? नाय." साडूभाऊ वाद घालत नाहीत. त्यांनी पत्रिकेच्या दोन प्रती केल्या, एक ताईची, एक स्वतःची, आणि एडिटरला सांगितलं, या जुळव. आता दोन प्रतींत एकाच जागी वेगळा मजकूर असला, की तो एडिटर निवाडा करत नाही. दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवतो, वरखाली बाणांच्या रांगा आणि मधे दुहेरी रेघ ओढतो, आणि शेवटच्या बाणांपुढे खालची प्रत ज्याची, त्याने लिहिलेली 'का'ची ओळ चिकटवतो. पुढचं तुम्ही बघा. साडूभाऊ बघत बसले असतानाच कंपनीतून फोन आला, शिफ्टवर या. त्यांनी सवयीने कळा दाबल्या आणि निघाले. त्या कळा, पेणच्या छापखान्याला फाइल पाठवायला त्यांनी खास स्वतःच बसवलेल्या होत्या.

छापखानेवाला मला नंतर म्हणाला, "बाण बघून वाटलं तुमच्याकडची नवी डिझाइन असंल. म्हणून सोनेरीत घेतली." गठ्ठा आला तेव्हा साडूभाऊ पुन्हा शिफ्टवर. ताईने पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि बाकीच्या नातेवाइकांनी वाटायला नेल्या. वाटण्याआधी वाचल्या कुणीच नाहीत. दादांची माझ्याकडे दिली. मी ती गागोद्याला नेली.

दादांनी पत्रिका हात लांब करून धरली आणि पडवीतच मोठ्याने वाचायला घेतली. ताईच्या पसंतीची नावं झाली. दुहेरी रेघ झाली. मग पुन्हा नावं आली, पहिलं दादांचं. त्याखाली सोनेरी बाण, आणि बाणांपुढे एक ओळ: 'दादांचं नाव पहिलं. त्या दिवशी चूक माझी होती.' ही ओळ त्यांनी मोठ्याने अर्धीच वाचली. पत्रिकेची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "चहा घेऊन जा." 

साडूभाऊंना मी फोनवर सांगितलं तेव्हा यंत्रांच्या घरघरीत त्यांनी मला ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. मग म्हणाले, "सगळ्या परत आणा." कुठून आणणार? निम्मं रोहे वाचून मोकळं झालं होतं. शेजारच्या बाईंनी तर मुलाच्या मुंजीला तसेच बाण मागितले. आठवडाभर हा माणूस घरात अपराध्यासारखा वावरला. मला त्यांची दया यायची आणि हसूही यायचं.

हळदीच्या सकाळी दारात रिक्षा थांबली. दादा उतरले, खांद्यावर वालाची गोणी. उंबऱ्याशी येऊन थांबले. आत साडूभाऊ. दादांनी खिशातून पत्रिका काढली.

"ह्ये तू लिवलंस?"

"व्हय."

"मग तोंडानं सांगायला काय झालं व्हतं?"

 साडूभाऊ उंबऱ्याबाहेर आले, दादांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेचनात. पाठ हलत होती. पाणी घेऊन आलेली ताई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. 

"चार वरसं गाडी वाजली की मी पडवीत येऊन बघायचो," दादा म्हणाले. "तू नसायचास."

मग त्यांनी गोणी खाली ठेवली, वाकून भावाला उठवलं आणि त्याच्याच खांद्याचा आधार घेऊन उंबरा चढले.