घरच्या दारातली ऑर्डर

कागद द्यायच्या आधी तो पायातल्या वहाणा काढायचा, हात धोतराला पुसायचा आणि मग म्हणायचा, "ऑर्डर हाय."

गावात दवंडी देणारा, सरकारी कागद घरोघर पोचवणारा कोतवाल तुम्हीही पाहिला असेल. मी आंबेगाव तालुक्यात तलाठी म्हणून लागलो तेव्हा हा मला आयताच मिळाला. वयाने माझ्याहून बराच मोठा, तरी मला भाऊसाहेब म्हणायचा.

त्याच्या लेखी सगळं जग ऑर्डरीवर चालायचं. लेकरांना पोलिओचे थेंब पाजा, ऑर्डर हाय. माझ्या लग्नाच्या पत्रिकाही त्याने तशाच वाटल्या. "भाऊसाहेबांच्या लग्नाची ऑर्डर हाय, समद्यांनी यायचं." बिबट्या फिरतोय, दिवेलागणीनंतर बाहेर पडू नका, अशी दवंडी देताना कुणीतरी छेडलं, "बिबट्याला दिली का ऑर्डर?"

"त्यो सही करत न्हाई," हा गंभीरपणे म्हणाला.

मग आमच्या खोऱ्यात धरणाचं पाणी चढणार हे नक्की झालं आणि घरं खाली करायच्या नोटिसा आल्या. गठ्ठा मी त्याच्या हातात दिला. त्यात एक त्याच्याच घरची होती, आईच्या नावाची. तेवढी मला स्वतः नेऊन देता आली असती. सुचलंच नाही, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे म्हातारीसमोर जायची माझी छाती नव्हती.

लोकांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. रोज चहा देणारी घरं पाणीसुद्धा विचारेनात. दुसऱ्या दिवशी त्याने पोचपावत्या माझ्या टेबलावर ठेवल्या. सगळ्यांवर सह्या, अंगठे. एकीवर मात्र त्याच्याच अक्षरात, 'घेण्यास नकार'.

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, पोटच्या पोराच्या हातनं घ्यायची न्हाई."

"मग?"

"दाराला चिकटवली. नियमच हाय. तिच्याच चुलीवर खळ शिजवली, भाऊसाहेब. ती बघत बसली व्हती."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. लोणीकडच्या माळावर नवं घर झालं, त्याला कोतवालीही तिकडेच मिळाली, पण म्हातारी पाणी मागायची ते सुनेकडे. पुढे माझी बदलीही तिकडेच झाली. सकाळी चावडीवर आला की विचारायच्या आधीच सांगायचा, "आज बी न्हाई बोलली."

बुडालेल्या शेताच्या बदल्यात जमीन मिळायची होती. तिच्यावर त्याची सगळी भिस्त. "ती ऑर्डर आली ना, की मी सोता नेऊन दीन. मग बोलंल ती." दर आठवड्याला घोडेगावला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालायचा. अशी सात वर्षं गेली. आठव्या वर्षी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मला भाऊ गेल्यासारखं वाटलं.

ऑर्डर आली ती पावसाळा संपल्यावर. या वेळी मीच गेलो. म्हातारी दारात बसली होती. मी कागद वाचून दाखवला, शाईचं पॅड पुढे केलं. तिने अंगठा उठवला, कागद माझ्या हातून घेतला आणि मांडीवर ठेवून त्याच्यावरून तळहात फिरवत राहिली. मग म्हणाली,

"ही त्याच्या हातनं घेतली असती, भाऊसाहेब. त्याला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."