तोंड वाकडं आणि पाय सरळ

वेळणेश्वरात कुणी आजारी पडलं की सगुणाबाई बिस्किटांचा पुडा घेऊन बघायला जायच्या आणि परतताना अंगणात उभ्या राहून निकाल सांगायच्या. अंगावरून वारं जाण्याबद्दल, म्हणजे लकव्याबद्दल, तर त्यांचं मत पक्कं होतं. तोंड वाकडं झालं की माणूस पुन्हा पायावर उभा राहत नाही. चुकलेले निकाल त्या विसरून जात, आणि आठवण करून द्यायची गावात कुणाची छाती नव्हती.

यंदा वैशाखात कोकमं फोडता फोडता त्या डाव्या अंगावर कलंडल्या. नवरा लवूतात्या, जन्म जहाजावर घालवून आता घरी बसलेले. त्यांनी शेजाऱ्याची गाडी काढायला लावली, फेरीबोटीने खाडी ओलांडली आणि बायकोला रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं. जरा सावरल्यावर सगुणाबाईंनी आरसा मागितला.

"झालं," त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या. "आता मी काय उठत नाय."

घरात त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. मुंबईहून धावत आलेल्या संदेशने आईच्या शब्दाखातर त्याच दिवशी चाकांची खुर्ची विकत आणली.

दोन-तीन दिवसांत वेदिका नावाची फिजिओथेरपिस्ट आली. तिने सगुणाबाईंना खाटेच्या कडेला बसवून हात सोडला. त्या डुलल्या, पण बसून राहिल्या. मग तिने पाय उचलायला सांगितला. डावा पाय नाखुशीनेच, पण वर आला.

"आजी, तुम्ही चालाल," वेदिका म्हणाली. "इतक्या लवकर आधाराशिवाय बसता आलं आणि पायात जोर असला, तर बहुतेक माणसं चालतात. हाताचं मात्र सांगवत नाही. बोटं अजून हलत नाहीत."

"माझं तोंड बघितलंस काय?"

"तोंडाने कुठे चालायचंय?"

"तेवढं चालतं तिचं," लवूतात्या दारातून पुटपुटले.

पलीकडच्या खाटेवर देवरूखचे आप्पा होते. तोंड सरळ, म्हणून हे चालत घरी जाणार, असं सगुणाबाईंनी त्यांच्या सुनेला सांगूनही टाकलं होतं. वेदिकाने बसवलं तसे आप्पा पोत्यासारखे कलले. पाय तसूभर हलला नाही. सुनेने सगुणाबाईंकडे आशेने पाहिलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी आल्यावरही व्यायामाचं नाव काढलं की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. मग एक दिवस शेजारची मालन बघायला आली आणि जाताना अंगणात कुणाला तरी म्हणाली, "तोंड बघितलंस गो तिचं? आता कसली उठते!"

आत सगुणाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, धरा मला!"

"कुठे जायचंय?"

"आधी उभी तर करा!"

गणपतीत त्या काठी टेकत मालनच्याच घरी आरतीला गेल्या. मालनने लगबगीने खुर्ची पुढे केली, तरी आरती संपेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.

डावी मूठ मात्र अजून उघडत नाही. त्यामुळे आता बांगडे लवूतात्या साफ करतात, सारही तेच करतात. सगुणाबाई शेजारी उभ्या राहून मीठ किती ते सांगतात. तात्या मान डोलावतात आणि आपल्या अंदाजाने टाकतात.

जेवताना सगुणाबाई दोनदा सार मागून घेतात. बरं झालंय, एवढं मात्र म्हणत नाहीत.