वानखडे सरांचा खडू

वानखडे सर कथा ऐकायच्या आधी लिहिणाऱ्याला उभं करत. बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास महाल वस्तीतल्या त्यांच्या खोलीत आम्ही कॉलेजची पाच-सहा मुलं रविवारी सकाळी कथा वाचायला जमायचो. सर हाती खडू द्यायचे. "हे कोण पाहून राहिलं गा? तो जिथं असंन तिथं गोल काढ, अन् त्यात उभा राह्य." त्या गोलातून जे दिसेल, ऐकू येईल, तेवढंच कथेत राहायचं. बाकीचं ते निर्दयपणे खोडायचे. एकानं दाराबाहेरच्या माणसाला घरातल्या बाईचे पाणावलेले डोळे दाखवले, तर सरांनी त्याला खरोखर बाहेर काढून दार लावलं आणि चहा होईपर्यंत उघडलं नाही. मला सर फार आवडायचे. त्यांची भीतीही वाटायची.

त्या वर्षी मी महादाची कथा लिहिली. महादा आमच्या संत्र्याच्या बागेतला गडी. विहिरीच्या कपारीत बसवलेल्या मोटारीची वायर जोडताना शॉक लागून गेला. वर पंपाच्या खोलीतला खटका बंद करायला तोच विसरला, असं सगळं गाव म्हणायचं, त्याच्या बायकोच्या तोंडावरसुद्धा. कथेतही मी तेच लिहिलं होतं, महादाच्या नजरेतून.

सरांनी टेबलाखाली गोल काढायला लावला. ती विहीर. मी खाली बसून वाचू लागलो. हातातली वायर, डोक्यावर आभाळाचा तुकडा, खटक्यावरून सरकलेली पाल.

"थांब," सर म्हणाले. "विहिरीतून पाल दिसते काय?"

पोरं हसली. सरांनी मात्र खोडायला पेन्सिल उचलली नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी बाकीच्यांना घरी पाठवलं, भिंतीवरच्या विजेच्या बटणापाशी स्वतः दुसरा गोल काढला आणि हळूच म्हणाले, "इथं ये."

मी गेलो नाही. त्या दिवशी लाइन आली का पाहायला पंपाच्या खोलीतला खटका मीच चालू केला होता. महादा खाली आहे हे मला ठाऊक नव्हतं. निदान तसं मी स्वतःला सांगत आलो होतो.

सर कुणाला काही बोलले नाहीत. पण तो गोल त्यांनी पुसला नाही. दर रविवारी मी त्याला वळसा घालून आत शिरायचो. फिका झाला की ते पुन्हा गिरवून ठेवायचे.

दोन वर्षांनी सर धंतोलीच्या एका दवाखान्यात पडून होते. मी भेटायला गेलो तर त्यांनी विचारलं, कथा पुरी झाली का. मी नकारार्थी मान हलवली.

"मंग नको लिहू. महादाच्या बायकोच्या दारात जाऊन उभा राह्य. तिले लोक अजून त्याचीच चूक सांगून राहिले."

चार दिवसांनी सर गेले. मी खूप रडलो. आता विचारणारं कुणी नाही, असंही क्षणभर मनात आलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तेरावं झाल्यावर गावी गेलो. महादाची बायको सखूबाई ओट्यावर तूर पाखडत होती.

"काहून आले जी, बाबू?"

"खटका मी चालू केला होता, सखूबाई. महादानं बंद केला होता."

सूप थांबलं. ते बाजूला ठेवून ती उठली आणि तिनं पदर खोचला.

"मले नका सांगू," ती म्हणाली. "चावडीसमोर उभे राहून सांगा."

आणि ती माझ्यापुढं चालू लागली.