पडदेवालीचं चिनी वेड

सगळी गल्ली तिला पडदेवाली म्हणूनच ओळखायची. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्या बाजूला कापडाचे तागे, दाराआड पडद्यांचे दांडे, आणि या पसाऱ्यातून अंग चोरून वाट काढली की स्वयंपाकघर. नवरा बसचा ड्रायव्हर. आयुष्यभर त्याने लोकांना इकडून तिकडे पोचवलं, पण सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचा नाही. कुठेतरी जाऊ या म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "रोज जातोच की!" त्यामुळे निवृत्त झाल्यावर एका सकाळी चहा पिता पिता त्याने जे काढलं, ते ऐकून तिच्या हातातला दोरा सुईपाशीच थबकला.

"अगं, दोन दिवस शहरात जाऊन येऊ. तिथल्या म्युझियममध्ये प्राचीन चिनी वस्तूंचं प्रदर्शन लागलंय."

"कसल्या वस्तूंचं?"

"चिनी. प्राचीन," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघून असा हसला, जणू दोघांमधलं काहीतरी गुपित त्याने उघड केलं होतं.

तिला त्या हसण्याचा अर्थ लागेना. हा माणूस पेपर उघडला की आधी हवामान बघणार, मग खेळाचं पान, की झाली घडी. याला चीनचं काय पडलंय? दुसरं काही सुचेना म्हणून ती नुसती "बरं" म्हणाली.

तिच्या त्या 'बरं'वर त्याने कंबर कसली. जेवणाच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला तो हलेचना, ताटं मांडीवर घेऊन जेवायची वेळ आली. आधी त्याने सोमवार ठरवला, मग कळलं की सोमवारी म्युझियम बंद. मग बुधवार ठरला, तर मनासारखं हॉटेल मिळेना. मिळालं त्याला लिफ्ट नव्हती.

"तुझे गुडघे मधेच बोलायला लागायचे," असं म्हणून त्याने तेही रद्द केलं. शेवटी एकदाचा गुरुवार पक्का झाला. मग एक दिवस ती झालर मारत असताना तो मशीनजवळ येऊन उभा राहिला.

"आधी जेड बघायचं की ब्राँझ? दालनं वेगवेगळी आहेत."

"जेड म्हणजे काय?"

"पुरे हं चेष्टा!" म्हणत तो हसत निघून गेला.

यात चेष्टा कसली? तिच्या मनात पाल चुकचुकली. शहरात एखाद्या डॉक्टरला तर दाखवायचं नसेल, आणि आपल्याला कळू नये म्हणून हे चिनी सोंग? तो आंघोळीला गेल्यावर तिने त्याचा औषधांचा खण उपसला. कसलीतरी मलमं आणि तुटका चष्मा, बाकी काही नाही. मग तिने लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी नर्स होती, आजारपणाचं असतं तर बापाने तिलाच सांगितलं असतं.

"अगं आई, बाबा ठणठणीत आहेत," लेक म्हणाली. "मीच तर हॉटेल शोधून दिलं. तुझीच केवढी इच्छा होती ना?"

"माझी?"

"बाबा म्हणाले, तुझ्या आईला कधीपासून चिनी वस्तूंचं वेड आहे, कधी बोलली नाही बिचारी."

पडदेवालीने फोन ठेवला. वेड? आपल्याला? आपण कधी, कुणाकडे, काय बोललो? तिने आठवून आठवून डोकं शिणवलं. मधे कुणा गिऱ्हाइकाने ड्रॅगनचं कापड आणलं होतं, पण त्याला तर तिने नाक मुरडलं होतं. सरळ विचारावं, तर नवरा इतका खुशीत होता की तिची जीभच रेटेना. शिट्टी वाजवत बूट पुसत होता! या वयात! शेवटी तिने बॅग भरली.

गुरुवारी सकाळी बसमध्ये तो सवयीप्रमाणे पुढच्या सीटवर बसला. चालकाच्या प्रत्येक ब्रेकला याचा पाय खाली दाबला जात होता. शहर जवळ आलं तेव्हा तिच्याने राहवेना.

"अहो, मला चिनी वस्तू आवडतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला डोळे नाहीत?" तो म्हणाला. "मशीनच्या वर ते निळ्या फुलदाणीचं चित्र किती वर्षं आहे! खाली चिनी अक्षरंसुद्धा आहेत. घर रंगवायला काढलं तेव्हा रंगाऱ्यावर काय ओरडली होतीस तू, 'बाकी काही करा, त्या चित्राला धक्का लागता कामा नये!' तेव्हाच म्हटलं होतं, रिकामा झालो की हिला एकदा खरं दाखवायचं."

तिने खिडकीकडे तोंड वळवलं. त्या चित्रामागे भिंतीला भोक होतं. खिळा उपटताना गिलाव्याचा पोपडा निघाला होता, आणि मशीन चाललं की शुभ्र पडद्यांवर वाळू गळायची. हाताला लागलं ते जुन्या कॅलेंडरचं जाड पान खळ लावून तिने तिथे चिकटवलं होतं. धक्का लागला असता तर अर्धी भिंत खाली आली असती. चित्र निळ्या फुलदाणीचं आहे की पिवळ्या बदकाचं, हे तिने कधी धड पाहिलंही नव्हतं. आता हे सांगायचं कसं? आणि न सांगता दोन दिवस वेड लागल्यासारखं वागायचं तरी कसं?

म्युझियममध्ये तिची पार तारांबळ उडाली. प्रत्येक काचेपुढे नवरा आधी तिच्या तोंडाकडे बघायचा, मग वस्तूकडे. ती "वा!" म्हणायची. जेडच्या हिरव्या दगडाची तबकडी, वा! तीन पायांचं काळपट भांडं, वा! एकदा तर चुकून आग विझवायच्या नळकांड्यापुढेच ती "वा!" म्हणून गेली.

पुढच्या दालनात थडग्यांमधून निघालेल्या मातीच्या छोट्या छोट्या वस्तू मांडल्या होत्या. नवऱ्याने चष्मा सावरत पाटी वाचली आणि तो चक्रावला.

"अगं, हा डुकरांचा गोठा आहे! मेलेल्या माणसाबरोबर पुरलेला. पलीकडे त्याला लागेल म्हणून."

"आणि ही?" तिने बोट दाखवलं.

"चूल. वर भांडं ठेवायची भोकंसुद्धा आहेत बघ."

"म्हणजे मेल्यावरही स्वयंपाक?" ती एवढ्या मोठ्याने बोलली की कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याने मान वळवली. "तिथे तरी बाईला सोडा म्हणावं!"

नवरा तोंडावर हात दाबून हसायला लागला, त्याचे खांदे गदगदू लागले, आणि मग तिलाही आवरेना. दोघं बाकावर टेकली. हसू ओसरल्यावर ती एका दमात बोलून गेली, "अहो, त्या चित्रामागे भिंतीला भोक आहे. वाळू पडायची म्हणून लावलंय. मला यातलं काही म्हणता काही कळत नाही."

त्याने चष्मा काढला. रुमालाने तो पुसत राहिला. ती धास्तावली.

"मग तुला कुठे जायचं होतं?" त्याने विचारलं.

हे तिला अजिबात अपेक्षित नव्हतं. समुद्र? डोंगर? बहिणीकडे? तिने एकेक ठिकाण मनात घोळवलं, पण कशालाच मन होकार देईना. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, तिने स्वतःलाही नाही. रागवावं, रडावं की याच्या भाबडेपणाला हसावं, काहीच ठरेना.

"माहीत नाही हो," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

"बरं, सावकाश सांग," तो म्हणाला. "मग आता बाहेर जाऊ या? चहा घेऊ."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. त्या इवल्याशा चुलीशी जाळ घालायला कुणी बसवलं होतं की नाही, हे बघायचं राहून गेलं होतं.

"चला ना जरा मागे," ती म्हणाली, आणि त्याची वाट न बघता काचेकडे वळली.