पायात सुई, पोटाला निरोप

कारंज्याचे आमचे सुईवाले, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरचे, डॉक्टर कशाचंच उत्तर एका वाक्यात देत नाहीत. सासूबाईंचं पोट पाच दिवस साफ झालं नव्हतं, औषधं देऊन झाली होती, आणि मी एवढंच विचारलं, "किती वेळ लागेल?" त्यांनी दवाखान्यातला फळा पुसला आणि पाय, पाठीचा कणा, आतडं असं सगळं काढलं.

"गुडघ्याखालच्या सुईतून करंट नसेत जाते. नस मणक्याले निरोप देते, मणका आतड्याले."

करंट म्हणताच सासूबाई उठल्या. "मोटारीच्या करंटनं आमचा बैल गेला. मले नाई लावाचा!"

डॉक्टरांनी खडू खाली ठेवला. त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, दोन नव्या सुया स्वतःच्या पायात टोचल्या, त्यांना बॅटरीच्या मशीनच्या वायरी जोडल्या आणि शेजारच्या स्टुलावर बसले. मग सासूबाईंनी पाय पुढे केला. वीस मिनिटं दोघांच्या पोटऱ्या फडफडत होत्या आणि व्याख्यान पुन्हा सुरू झालं होतं. आधी गुरगुरलं ते डॉक्टरांचं पोट.

"तुमचाच निरोप पोचला, डाक्टर!" सासूबाई हसल्या आणि एकदम गंभीर झाल्या. "संडास कुठी हाय वं, सूनबाई?"

डॉक्टरांनी खडू उचलला. "आता हे कसं झालं, सांगतो..."

"आधी सुया काढा!" मी ओरडले.