साडूंची निवड चाचणी

परभणी जिल्ह्यात माणसाच्या खांद्याकडे नुसतं बघून त्याचं भवितव्य सांगणारे एकच गृहस्थ आहेत, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघावेत, हे माझ्याच कपाळी लिहिलेलं होतं. आयुष्यभर ते शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता निवृत्त झालेत. पण जिल्ह्याच्या बेसबॉल संघासाठी पोरं-पोरी हेरण्याचं काम त्यांच्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही, कारण ते त्यांना कुणी दिलेलंच नव्हतं. होय, बेसबॉल. जिथं दहातले नऊ जण या खेळाला 'ते दांडक्याचं क्रिकेट' म्हणतात, तिथं हा माणूस भर चौकात सांगतो, "साडूभाऊ, ह्या मातीत ज्वारी पिकती हे सगळ्यायला दिसलं. पिचर पिकतो हे कुणी बघितलंच न्हाई." पिचर म्हणजे बॉल फेकणारा, पण ऐकणारा मान हलवतो आणि मला हळूच विचारतो, "पिचर म्हंजी कोणतं वाण हो?"

त्यांची हेरगिरी कुठं चालू होईल याचा नेम नाही. गंगाखेडच्या बाजारात ट्रकवरून कलिंगडं खाली फेकतात आणि खालचे गडी ती झेलतात. तिथं हे तास तास उभे राहायचे. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून निघताना एक कलिंगड विकत घ्यायचे. मेव्हणीबाईंनी त्या उन्हाळ्यात कलिंगड या फळाचं नाव टाकलं. "ज्याच्या हातून कलिंगड सुटत न्हाई, त्याच्या हातून बॉल काय सुटतो?" असं म्हणत साडूंनी त्यातला एक धिप्पाड गडी कॅचर, म्हणजे बॉल झेलणारा, म्हणून मैदानात आणला. पहिला बॉल सणसणत आला तसा तो गडी बाजूला झाला आणि म्हणाला, "ओ सर, हे तर मारायलेत!" तो पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. साडू मात्र महिनाभर त्याच्या पंजांचं कौतुक करत होते.

पण त्यांची खरी निवड चाचणी होते ती लग्नांत. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी त्या कशाबशा टाकतात, मधली पुढच्यांच्या टकलांवर टाकतात आणि अगदी मागं उभी असलेली पोरंपोरी जीव खाऊन थेट नवरदेवापर्यंत भिरकावतात. साडूंच्या मते जिल्ह्यातली सगळी फेक वर्षातून एकदा तरी मंगलाष्टकांना हजेरी लावते. म्हणून ते स्टेजकडे पाठ करून उभे राहतात. नात्यातला कुठलाही अल्बम काढा, सगळी दुनिया नवरा-नवरीकडे बघतेय आणि हे एकटे मांडवाच्या दाराकडे! माझ्या भाचीच्या लग्नात तर यांनी 'शुभमंगल'च्या ऐन तोंडावर ओरडून सांगितलं, "कोपर वर! अरे, कोपर वर घे!" भटजी थांबले. नवरदेवानं घाबरून स्वतःचं कोपर वर घेतलं. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, जणू साडू मीच निवडून आणले होते.

आता आमच्या जिल्ह्यात हा खेळ खेळतच नाहीत असं नाही. उलट दरसाल निवड चाचणीला झुंबड उडते. पण ती खेळापायी नव्हे, सर्टिफिकेटापायी. राज्यपातळीवर खेळल्याचं सर्टिफिकेट असलं की सरकारी भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेत नंबर लागायची आशा असते. त्यामुळे मैदानावर खेळाडूंपेक्षा पालक जास्त आणि बॅटींपेक्षा झेरॉक्स जास्त. एका पोराला बॉल मारल्यावर कुठं पळायचं ते ठाऊक नव्हतं. तो थेट बापाकडे पळाला. बापानं साडूंना विचारलं, "सर, पळणं झालं. आता सर्टिफिकेट कवा?" त्या शब्दाचं साडूंना असं वावडं की कुणी उच्चारला की ते वळून चालू लागतात. "खेळ खेळासाठी खेळणारं एक लेकरू मला सापडू द्या," ते म्हणायचे, "मंग मी गप घरी बसतो." कारण आजवर त्यांनी शोधलेल्या प्रत्येकानं एकच गोष्ट केली होती. सर्टिफिकेट हातात पडलं, नोकरी लागली आणि ग्लोव्ह माळ्यावर गेला. साडूंनी उभी हयात घालून एक पोलीस ठाणं भरेल एवढी माणसं तयार केली, संघ काही झाला नाही.

मग पोखर्णीच्या एका लग्नात त्यांच्या कानशिलावर ज्वारी बसली. मांडवाच्या पार शेवटच्या खांबाजवळून एका मुलीनं फेकली होती आणि गोळी लागावी तशी लागली. जेवणाच्या पंगतीतून मला ओढत त्यांनी तिचा ठावठिकाणा काढला. राणीसावरगावची दीपाली. घरी मेंढरं, वळायला लांबून खडे मारायची सवय. नुकतीच अठरा पूर्ण झालेली. पुढच्या रविवारी मी माझी गाडी, माझं पेट्रोल आणि माझी झोप खर्चून त्यांना राणीसावरगावला नेलं. साडूंनी इस्त्रीची पँट घातलेली, हातात पेढ्यांचा पुडा. आता तुम्हीच सांगा, दोन पोक्त माणसं अशी नटून लग्नाच्या पोरीच्या घरी आली, तर घरच्यांनी काय समजायचं?

सतरंजी अंथरली गेली. पोहे आले. मागोमाग साडी नेसून, खाली मान घालून दीपाली आली. मी घामाघूम झालो. साडूंना काही म्हणजे काही उमगलं नाही. त्यांनी पोह्यांचा घास घेत विचारलं, "उजवा हात बघू." तिच्या आईला वाटलं, पाहुणे ज्योतिष जाणतात. साडूंनी पिशवीतून बॉल काढून तिच्या हातात दिला आणि अंगणापलीकडचं लिंबाचं झाड दाखवलं. "मार." पोरीनं एकदा बापाकडे बघितलं, पदर खोचला आणि फेकला. खोडावर असा आवाज झाला की वाड्यातली मेंढरं बिथरली. साडू ताडकन उठले. "काय सुटायलाय! साडूभाऊ, बॉल काय सुटायलाय!"

"ते ऱ्हाऊ द्या," दीपालीचे वडील म्हणाले. "पोरगं काय करतंय तुमचं?"

"कोणतं पोरगं?"

मग सगळं उलगडून सांगावं लागलं. ते काम अर्थात माझ्याकडे आलं. वडील रागावले नाहीत, नुसते थकल्यासारखे बसले. "खेळून काय मिळतंय, साहेब? जेऊन जावा. दुसरीकडनं एक स्थळ सांगून आलंय, दिवाळी झाली की उजवून टाकतो." आई पोह्यांच्या बशा उचलू लागली. तेवढ्यात दारातून दीपाली बोलली, "बाबा, मला खेळायचंय." बाबांनी वर बघितलंच नाही.

मी साडूंकडे बघितलं. 'खेळून काय मिळतंय'चं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. कडू काढा घ्यावा तसं तोंड करून ते म्हणाले, "सर्टिफिकेट मिळतं. पोलीस भरतीत उपयोगी पडतं."

"अहो मंग आधीच सांगायचं न्हाई का!" वडील म्हणाले. "ए, सरांना चहा ठेव."

दीपाली खेळली. तालुका, जिल्हा, विभाग करत राज्यापर्यंत गेली. तिचा बॉल आला की समोरच्या पोरी बॅट न हलवताच माघारी जायच्या. हरलेल्या सामन्यानंतरही ती अंधार पडेपर्यंत भिंतीवर बॉल मारत बसायची आणि ते बघून साडू मला फोन करायचे, "ही सोडत न्हाई बघा. ही त्यातली न्हाई." मी 'बरं' म्हणायचो. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटू लागलं होतं.

परवा मी साडूंकडे बसलो असताना ती पेढे घेऊन आली. पोलिसात निवड झाली, ट्रेनिंगला निघाली होती. लग्नाचा विषय वडिलांनी स्वतःच मिटवला होता. साडूंनी पेढा खाल्ला, पाठीवर हात फिरवला, सगळं रीतसर केलं. मग जरा घुटमळत विचारलं, "आणि खेळ?"

"बघू की सर," ती म्हणाली, "ड्युटीचं कसं जमतंय ते." आणि तिचे डोळे भरून आले.

हे 'बघू' साडूंनी आजवर प्रत्येकाच्या तोंडून ऐकलेलं. ते उठले. आत जाऊन ग्लोव्ह आणि बॉल घेऊन आले, बॉल तिला दिला आणि घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन कॅचरसारखे गुडघ्यांवर बसले. त्या वयात, त्या गुडघ्यांवर! "एक टाक," म्हणाले. "भीड धरू नको."

तिनं भीड धरली नाही. बॉल ग्लोव्हमध्ये बसला आणि साडू मागं कलंडले. मी धावलो. ते तसेच जमिनीवर बसलेले, ग्लोव्हमधला हात छातीशी धरून, लहान पोरासारखे हसत आणि रडतही.

"फार लागलं का?" मी विचारलं.

"लय," ते म्हणाले, आणि ग्लोव्ह पुन्हा समोर धरला.