भावाचे बदाम

कॉलेजात प्रवेशाच्या वेळी सरांनी विचारलं, "क्रीडा व्यवस्थापनच का?" माझ्या आधीच्या मुलीने लहानपणापासून बॅडमिंटन खेळते, असं ऐटीत सांगितलं होतं. मी म्हणाले, "खेळाची आवड आहे, सर." ते अर्धंच खरं होतं. उरलेलं सांगायची लाज वाटली. मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो.

तो पैलवान आहे. आमच्या कंग्राळी गावच्या तालमीत मुलींनी पाऊल टाकायचं नाही. त्याच्या थंडाईचे बदाम मात्र रोज मीच सोलते. तो कुस्ती मारून आला की आप्पा त्याला खांद्यावर घेतात. घरातली पहिली मी पीयूसी, म्हणजे बारावी, पास झाले, तेव्हा ते "बरं झालं" म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. कुस्ती नाही तर नाही, निदान मैदानाच्या आत कुठेतरी मला जागा हवी होती. या कोर्सने ती मिळेल, असं वाटलं.

यंदा बेळगावातल्या स्पर्धेत वजनाच्या नोंदीचं टेबल आमच्या वर्गाकडे आलं आणि नोंदवही माझ्याकडे. भाऊ काट्यावर चढला. पंचांनी आकडा सांगितला. गटापेक्षा पाव किलो जास्त!

तो माझ्याकडे वाकला. "आक्का, पाव किलोच हाय की गं. लिव्ह की बरोबर."

"पाव किलो म्हंजे कालची थंडाईच ती. जा, पळून घाम काढून ये."

रांगेतली पोरं हसली. आप्पा पुढे आले. आता ओरडणार, असं वाटलं.

"पळून आला तर घेत्यात नव्हं?" त्यांनी हळूच विचारलं. कुस्तीतलं काही ते मला पहिल्यांदाच विचारत होते.

"व्हय आप्पा. वजनं बंद व्हायच्या आत आला तर घेत्यात."

स्वेटर घालून तो चकरा मारत राहिला. वजन उतरलं. कुस्तीही जिंकला. आप्पा माझ्या टेबलाला धक्का देत धावले आणि त्याला उचलून घेतलं. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. जागा मिळाली होती. हेवा तसाच होता.

घरी आईने भिजवलेल्या बदामांची वाटी नेहमीसारखी पुढे सरकवली. पहिला सोलून मी तोंडात टाकला.

"अगं, त्याचं हाईत ते!"

"ठावं हाय," म्हणाले, आणि दुसरा सोलायला घेतला.